घट्ट पाणी

सेविका रोवेनाने पेल्यात पाणी ओतलं, डब्यातली पांढरी पूड दोन चमचे टाकली आणि काट्याने भराभर ढवळायला घेतलं. नेटी प्रिस्तुपा अंगातला कोटही न काढता नवऱ्याच्या, ऑरेस्टच्या, पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. पाणी आधी गढूळ झालं, मग काट्याला त्याच्या तारा यायला लागल्या. मिनिटभराने रोवेनाने पेला तिरका करून दाखवला. आतला ऐवज सरकत काठापर्यंत आला, तिथे लोंबला, पण खाली पडला नाही.

"झालं," रोवेना म्हणाली. "मधासारखं घट्ट हवं, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"मध म्हणे!" नेटीने नाक मुरडलं. "भिंतींना कागद लावताना मी खळ शिजवली होती, ती अशी दिसत होती. हे तू ह्याला पाजणार?"

"पाजणार नाही, मिसेस पी. भरवणार. चमच्याने."

ऑरेस्टने पहिला चमचा तोंडात घेतला. त्याचा चेहरा उजव्या बाजूनेच तेवढा आक्रसला. डावी बाजू फेब्रुवारीत झटका आल्यापासून लुळी होती. मग त्याने जिभेने तो गोळा हळूहळू बाहेर ढकलला. हनुवटीवरून तो गळ्याच्या वळीपर्यंत ओघळला आणि तिथे थरथरत राहिला. रोवेनाने फडक्याने टिपला. दुसऱ्या चमच्याला त्याने ओठच मिटून घेतले.

नेटीने तो पेला हातात घेतला आणि करंगळीच्या टोकावर थोडंसं घेऊन चाखलं. चव अशी नव्हतीच. पण ते जिभेवरून हलेना. दातांमागे जाऊन बसलं, गिळलं तरी घशात रेंगाळलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडातलं आपल्या तोंडात आलं की कसं वाटेल, तसं वाटलं तिला. ती बाहेरच्या नळावर गेली आणि सात-आठ चुळा भरूनही थुंकतच राहिली.

शिसारी येण्यात नेटीचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं, हे खरंच. पाहुण्यांनी कॉफी प्यालेले कप ती उकळत्या पाण्यात दोनदा बुडवून काढायची. रविवारी चर्चमध्ये फादर एकाच चमच्याने सगळ्यांना प्रसाद भरवत, तेव्हा तो चमचा ओठाला लागू नये म्हणून ती मान मागे टाकून असा आ वासायची, की मागच्या बाकावरच्या बायकांना हसू आवरत नसे. ऑरेस्टने ट्रॅक्टर दुरुस्तीत चाळीस वर्षं घालवली, पण काळ्या हातांनी तो कधी घरात शिरला नाही. आधी तळघरात जाऊन साबणाने कोपरापर्यंत धुवायचं, मगच वर यायचं, हा तिचा नियम. बावन्नाव्या वर्षी एका इंजिनाचा दांडा उलटा फिरून त्याचे वरचे सगळे दात गेले आणि कवळी आली, तेव्हाही तिने एकच गोष्ट सांगितली होती: "ती माझ्यासमोर काढायची नाही." आणि त्या भल्या माणसाने कधी काढली नव्हती. रोज रात्री न्हाणीघराचं दार लावून घ्यायचा. एक्कावन्न वर्षांच्या संसारात नेटीने नवऱ्याचं बोळकं पाहिलं नव्हतं.

आता तो ह्या होममध्ये होता. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या लहानशा गावात म्हाताऱ्या, आजारी माणसांची सोय करणारी तेवढी एकच जागा. इस्पितळातल्या डॉक्टरने नेटीला चित्र काढून समजावलं होतं. झटक्याने ऑरेस्टची गिळायची कळ बिघडली आहे. पाणी पातळ, ते घशातून भसकन खाली उतरतं आणि अन्नाच्या वाटेने जायच्या ऐवजी श्वासाच्या वाटेने फुप्फुसात शिरतं. बऱ्याचदा त्याला ठसकासुद्धा लागत नाही, म्हणजे कळणारही नाही. म्हणून यापुढे पाणी, चहा, कॉफी, दूध, जे काही पातळ असेल ते घट्ट करूनच द्यायचं.

"कायमचं?" नेटीने विचारलं होतं.

"बघू," डॉक्टर म्हणाला होता.

खोलीत दाराशी दुसरा पलंग होता. त्यावर आयव्हर नावाचा म्हातारा. जन्मभर एकट्याने गहू पिकवलेला, लग्न न केलेला, तीन वर्षांपूर्वी झटका येऊन इथे आलेला. त्याला भेटायला कुणी येत नसे. तो ती खळ मुकाट्याने गिळायचा. गिळून झालं की घशातून खरवडून काहीतरी वर काढायचा, कागदी रुमालात थुंकायचा आणि ते रुमाल घड्या घालून ट्रेवर एका ओळीत मांडून ठेवायचा. नेटी आली की आधी मधला पडदा ओढून घ्यायची.

दुसऱ्या आठवड्यात तिने घरी बोर्श्ट केलं. बीट, गाजर, शेपू, सगळं शिजवून दोनदा गाळलं आणि बाटलीत भरून आणलं. ऑरेस्टचे डोळे चमकले. पण रोवेनाने बाटली हातातून घेतली आणि त्यातही ती पूड टाकली. लालभडक सूप बघता बघता गोठलं. खाटकाच्या दुकानात बादलीच्या तळाशी साकळलेलं असतं, तसं दिसायला लागलं ते. ऑरेस्टने एकदा बोर्श्टकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं.

"घेऊन जा," तो जड जिभेने म्हणाला. "कुत्रं... सुद्धा... खाणार नाही."

नेटीने तो ऐवज संडासात ओतला. दोनदा पाणी सोडावं लागलं.

त्याच्या पलंगाला एक तक्ता टांगलेला असे. किती खाल्लं, किती प्यालं, सगळं त्यावर लिहायचं. खाणं बरं होतं. पिण्याच्या रकान्यात मात्र कुठे तीन चमचे, कुठे अर्धी वाटी, तर कुठे नुसतं 'नको म्हणाला' असं लिहिलेलं. दिवसभराचं मिळून चहाच्या दोन कपांइतकंही होत नव्हतं. नेटीने हे मुख्य परिचारिकेला, ग्लेंडाला दाखवलं.

"आम्ही देतो, तो घेत नाही," ग्लेंडा म्हणाली. "जबरदस्ती तर करता येत नाही ना!"

"घेण्यासारखं द्या, मग घेईल."

"साधं पाणी दिलं आणि न्यूमोनिया झाला, तर जबाबदार कोण?"

मार्चच्या अखेरीस नेटीच्या नाकाला पहिल्यांदा तो वास आला. दारातच आला. लघवीची बाटली पलंगाच्या कठड्याला लटकत होती. तळाशी दोन बोटं कसलासा काढा असावा तसं. काळपट, गढूळ, आणि वास असा, की सडलेल्या माशांच्या टोपलीवर कुणी अमोनिया शिंपडलाय. तिने रुमाल नाकाला लावला. ऑरेस्टची जीभ तपकिरी पडली होती आणि तिला मधोमध चीर गेली होती. ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं काहीतरी वाळून खपली धरून बसलं होतं. हाताची कातडी चिमटीत धरली, तर सोडल्यावरही तशीच उभी राहिली.

"ॲना आलीस?" तो म्हणाला. ॲना त्याची बहीण. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. "कोंबड्या... आत घे. पलंगाखाली... कोल्हा आहे."

"ऑरेस्ट, मी नेटी."

"नेटीला सांगू नको," तो डोळे मोठे करून कुजबुजला. "ती... घर धुवायला काढेल."

आयव्हरला पडद्याआडून हसू फुटलं. नेटीने मात्र धावत जाऊन ग्लेंडाला आणलं. ग्लेंडाने नाडी बघितली, ताप बघितला, आणि यावेळी काही वाद घातला नाही. तासाभरात रुग्णवाहिका आली आणि ऑरेस्टला शहरातल्या इस्पितळात हलवलं.

नेटीला वाटलं, दुसरा झटका असणार. मुलगी लारिसा कॅल्गरीहून गाडी काढून निघाली, तिलाही तसंच वाटलं. पण डॉक्टर म्हणाला, झटका नाही. शरीरात पाणीच नाही. पाणी नाही म्हणून लघवी अडून तिथे संसर्ग झाला, रक्त दाटलं, मेंदूचं काम बिघडलं. हाताच्या शिरेतून सलाइन चालू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरेस्टने डोळे उघडले, बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या कोटाचं... बटण कुठे गेलं?"

लारिसाने वडिलांच्या कपाळाचा मुका घेतला. नेटी खुर्चीत बसली ती बराच वेळ उठलीच नाही. म्हणजे एवढंच होतं तर! ना नवा रोग, ना नवी गाठ. दोन पिशव्या खारट पाणी, आणि कोंबड्या, कोल्हा, मेलेली बहीण, सगळं पळालं. तिला आनंद व्हायला हवा होता. आली ती चीड. चौदा माणसं पगार घेतात, तक्ते भरतात, आणि त्या तक्त्यावर रोज स्पष्ट लिहिलेलं असतं की हा माणूस तहानेने वाळतो आहे. वाचत कुणीच नाही.

पाच दिवसांनी ऑरेस्ट होममध्ये परत आला. पुन्हा ती पूड, पुन्हा तो काटा. त्याने पुन्हा तोंड मिटलं.

"नेटी, पाणी," तो म्हणायचा. "एक घोट. खरं."

चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही. ओठ ओले करायला स्पंजची काडी ठेवलेली असते, ती तिने नळाच्या गार पाण्यात बुडवली आणि त्याच्या ओठांना लावली. त्याने ती ओढूनच घेतली. वासरू आचळाला लुचतं तसा तो ती चोखत राहिला, चोखताना आवाज करत राहिला. तिने पुन्हा बुडवली. तिसऱ्या वेळी त्याला ठसका लागला. चेहरा जांभळा पडला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि काडीला चिकटून एक पिवळट शेंबडासारखी तार बाहेर आली. तेवढ्यात ग्लेंडा दारात उभी.

"तुम्हाला त्यांना न्यूमोनियाने मारायचंय का?"

"तुम्ही तहानेने मारताय, त्यापेक्षा लवकर सुटेल!" नेटी ओरडली. "जरा तुम्ही प्या ना ते! एक दिवस, सकाळ-संध्याकाळ प्या, आणि मग मला शिकवा!"

सगळ्या व्हरांड्याभर आवाज गेला. त्याचा एक फायदा झाला. ग्लेंडाने त्याच दिवशी शहरात फोन करून गिळण्याच्या तज्ज्ञ बाईंना बोलावून घेतलं.

तज्ज्ञ म्हणजे कर्स्टन नावाची तिशीतली मुलगी निघाली. बर्फ वितळून रस्त्यांवर चिखल झाला होता, तिचे बूट घोट्यापर्यंत बरबटलेले. नेटीने आधी ते बूट दाराबाहेर काढायला लावले. कर्स्टनने हसून काढले, मोज्यांवरच आत आली आणि ऑरेस्टला म्हणाली, "आ करा बघू." मग टॉर्च लावून बराच वेळ पाहत राहिली.

"मिसेस प्रिस्तुपा, जरा इकडे या."

"मी इथूनच ऐकते."

"ऐकायचं नाहीये. बघायचंय."

नेटी गेली. वाकली. पहिल्यांदा तिला कळेना की आपण काय बघतोय. डाव्या गालाच्या आत, जिथे त्याला काही जाणवत नव्हतं, तिथे करड्या रंगाचा लगदा साठलेला होता. कालच्या दळलेल्या मांसाचा, कदाचित परवाच्याही. कवळीच्या कडेने पिवळी साय. टाळूला पापुद्रे सुटलेले, दुधाच्या पातेल्याच्या तळाशी खरवड असते तसे. खालच्या उरलेल्या पाच दातांच्या मुळाशी हिरवट काही. आणि वास! नेटी झटकन मागे सरकली आणि पडद्यावर आदळली.

"पाणी फुप्फुसात जातं, म्हणून आपण घाबरतो," कर्स्टन शांतपणे सांगायला लागली. "पण थोडं स्वच्छ पाणी गेलं, तर शरीर ते जिरवून टाकतं. आजारी पाडते ती ही घाण. ह्यातून वाहत गेलेलं पाणी म्हणजे गटाराचं पाणी. तोंड स्वच्छ असेल, तर मी यांना साधं पाणी देऊन बघायला तयार आहे. घट्ट काही नाही, नळाचं पाणी."

ऑरेस्टने उजव्या हाताने पलंगाचा कठडा घट्ट धरला.

अटी होत्या. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं. तोंड पूर्ण साफ करायचं, कवळी काढून, गालाच्या आतून, जिभेवरून, टाळूवरून. मग ताठ बसवून, हनुवटी खाली घेऊन, लहान लहान घोट द्यायचे. गोळ्या पाण्याबरोबर द्यायच्या नाहीत. ताप आला, तर लगेच बंद. आणि हे दिवसातून तीनदा, एकदाही चुकवायचं नाही.

"करणार कोण?" कर्स्टनने विचारलं.

रोवेनाने हात वर केले. "मॅडम, चोवीस माणसं आणि आम्ही दोघी. सकाळी तोंडावरून ओलं फडकं फिरवतो, तेवढंही होतं की नाही देव जाणे."

सगळ्यांनी नेटीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" नेटी म्हणाली. "मला जमणार नाही. मला... मला नाही जमायचं."

"तिला... नको," ऑरेस्ट म्हणाला. त्याने मान भिंतीकडे वळवली होती. "घाण आहे. तिला नको."

त्याच्या मानेवरची नस उडत होती. नेटी त्या नसेकडे बघत राहिली. नवऱ्याला असं तोंड लपवताना तिने कधी पाहिलं नव्हतं. का लपवतोय, ते तिला ठाऊक होतं. तिनेच तर शिकवलं होतं त्याला.

"हातमोजे कुठे असतात?" तिने रोवेनाला विचारलं. "एकावर एक दोन घालणार मी. आणि तो ब्रश नको, लहान मुलांचा मऊ आण."

कवळी निघता निघेना. चिकटून बसली होती. रोवेनाने दाखवलं तसं नेटीने बोट वरच्या कडेला घातलं आणि खाली ओढलं. चिखलातून बूट निघतो तसा आवाज झाला आणि ती हातात आली. कोमट, बुळबुळीत, आतून पिवळ्या सायीने भरलेली. ऑरेस्टचा चेहरा वारा गेलेल्या पिशवीसारखा आत गेला. नेटीने कवळी भांड्यात टाकली, पट्टीचं कापड बोटाला गुंडाळलं आणि डोळे अर्धे मिटून ते बोट त्याच्या गालात घातलं. लगदा निघाला. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्यांदा कापडाबरोबर मटाराचं एक अख्खं साल आलं. मटार सोमवारी होते. आज गुरुवार.

तिथे तिचा धीर सुटला. ती नळाकडे धावली आणि ओकली. सकाळची कॉफी, पाव, सगळं आलं. पोटात काही उरलं नाही, तरी उमाळे थांबेनात.

"मिसेस पी," रोवेना तिची पाठ चोळत म्हणाली, "मी मनीलाहून इथे आले ना, पहिल्या दिवशी मी ओकले ते थेट ग्लेंडाच्या बुटात. तुम्ही निदान नळ तरी गाठलात."

नेटीला हसू आलं नाही. तिने चूळ भरली, तोंड पुसलं, हातमोजे बदलले आणि परत गेली. ऑरेस्टने ओठ गच्च मिटले होते. डोळ्यांच्या कडा लाल.

"उघड," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"हे बघ, मला किळस येतेय, ती येतच राहणार. मी पुन्हा ओकीनही. तुला बघायचं नसेल, तर तू डोळे मीट. पण तोंड उघड, नाहीतर मी फादरना बोलावून त्यांच्याकडून घासून घेईन!"

आयव्हर पडद्याआड खोकल्यासारखं हसला. ऑरेस्टच्या घशातूनही काहीतरी आलं, आणि तोंड उघडलं.

अर्ध्या तासाने कर्स्टनने त्याला ताठ बसवलं. नेटीच्या हातात पेला दिला. साधा काचेचा पेला, त्यात नळाचं गार पाणी. नेटीने पेला ओठाला लावला. पाणी आत गेलं. गळ्याची घाटी वर झाली, थांबली, खाली गेली. कर्स्टन छातीला नळी लावून ऐकत होती. एक बारीक ठसका आला. कर्स्टनने मान डोलावली, "चालू द्या."

दुसरा घोट. तिसरा. ऑरेस्टने डोळे मिटले होते. आठव्या घोटानंतर त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "थांबू नको."

त्या दिवसापासून नेटी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी येऊ लागली. लारिसा फोनवर म्हणायची, "मॉम, हळूहळू सवय होईल बघ." सवय झाली नाही. कवळी निघतानाचा तो आवाज ऐकून रोज तिच्या मानेवर काटा यायचा. ती रोज घरी जाऊन कोपरापर्यंत हात खरवडायची, आणि मऊ शिजवलेलं काही तिला खाववेना, इतकं की ईस्टरला तिने लोण्यातल्या वरेनिकी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, त्यासुद्धा ताटात घेतल्या नाहीत. बोटांना लागलेली ती ऊब तिला झोपेतसुद्धा आठवायची. फक्त ओकायची थांबली, आणि घासता घासता भांडायची मात्र लागली. "जीभ बाहेर काढ. ही जीभ आहे का पायपुसणं? अजून. चावू नको, मी काय गाजर आहे?" ऑरेस्टच्या तोंडात ब्रश असल्यामुळे त्याला उत्तर देता यायचं नाही, हा तिला त्यातल्या त्यात फायदा वाटे.

पाणी वाढत गेलं. आधी दिवसाला दोन पेले, मग चार, मग सहा. त्यावर लक्ष ठेवायचा तिने जो मार्ग काढला, तो तिचा तिलाच पटत नव्हता: लघवीची बाटली खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायची. आधी काढा, मग चहा, मग चहाचं पाणी, आणि मेच्या मध्यावर एक दिवस गवताच्या काडीसारखी फिकी. ती बाटली हातात धरून तिने रोवेनाला हाक मारली, "बघ, बघ!" आणि मग आपण काय दाखवतोय हे लक्षात येऊन बाटली पटकन खाली ठेवली.

ऑरेस्टच्या जिभेची चीर भरली. पोट साफ व्हायला लागलं. दुपारी गुंगीत पडून असायचा, तो आता खुर्चीत बसून खिडकीखालच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकायचा आणि सांगायचा, "फिल्टर तुंबलाय. गाढव कुठचा, चालवतोय तसाच." नेटीवर ओरडायलाही लागला. ताप आला नाही. ग्लेंडाने तक्त्यावर हिरव्या शाईने 'साधं पाणी चालेल' असं लिहिलं आणि नेटीशी चार दिवस बोलली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नेटी पाणी पाजत होती आणि पडदा पुरता ओढलेला नव्हता. आयव्हर बघत होता. त्याच्या ट्रेवर खळीचा पेला होता, वर साय धरलेला.

"गार आहे का ते?" आयव्हरने विचारलं.

"हो," नेटी म्हणाली आणि पडदा ओढायला हात पुढे केला.

"तीन वर्षं झाली," आयव्हर म्हणाला. "मला वाटायचं, आपल्याला नाहीच द्यायचं म्हणजे नाहीच."

नेटीचा हात पडद्यावरच राहिला. तिने त्या रुमालांच्या ओळीकडे पाहिलं. नाही. नवऱ्याचं एक करायचं, ते करून चुकले. हे माझं काम नव्हे. तिने पडदा ओढला. पण कर्स्टन पुढच्या सोमवारी ऑरेस्टला तपासायला आली, तेव्हा नेटीने पडद्याकडे अंगठा केला. "त्यांनाही बघा. मला काही विचारू नका, नुसतं बघा."

कर्स्टनने तपासलं. स्वतः त्याचं तोंड पुसून, दोन घोट देऊन, छाती ऐकून पाहिली. चालेल म्हणाली, त्याच अटींवर. पुन्हा तोच प्रश्न, करणार कोण? नेटीने पर्स उचलली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ऑरेस्टचं आवरून झाल्यावर ती पडद्यापलीकडे जाऊन उभी राहिली. दोन हातमोजे एकावर एक, आणि ओठ आवळलेले.

"तुमचा कुठला हात चालतो?"

आयव्हरने उजवा हात वर केला. शेतकऱ्याचा मोठा, जाड बोटांचा, धडधाकट हात.

नेटी त्या हाताकडे बघतच राहिली. "मग तुम्ही दात का घासत नाही?"

"ब्रश नाही."

"म्हणजे?"

"आलो तेव्हा पेटीत होता. पेटी वर कपाटात ठेवली." त्याने मानेने कपाटाच्या माथ्याकडे दाखवलं. "माझा हात पोचत नाही."

"मागितला का नाहीत?"

आयव्हरने ट्रेवरचा एक रुमाल सरळ केला. "त्यांना कामं असतात," तो म्हणाला.

नेटीने खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि पेटी काढली. पेटीवर बोटभर धूळ. आत घडी केलेले शर्ट, दाढीचं सामान, आणि डबीत एक निळा ब्रश, कोरडा, नवा. तीन वर्षं. हात पोचेल त्याच्या जरा वर. तिला ज्या गोष्टीची शिसारी आली, तिला वास नव्हता, तारा नव्हत्या, ती कापडाने पुसून निघणारीही नव्हती. रोज ह्या खोलीत येऊन पडदा ओढून घेणाऱ्यांत आपणही होतो, हे तिला त्या खुर्चीवर उभं असतानाच कळलं.

ती खाली उतरली. ब्रश गरम पाण्याने धुतला, पुन्हा धुतला, वर मटाराएवढी पेस्ट काढली आणि त्याच्या हातात दिला. ट्रेवरचे रुमाल तिने डोळे मिटून एका फटक्यात कचऱ्यात ढकलले.

"घासा. आतून, बाहेरून, जिभेवरून. मी तुमच्या तोंडात बोट घालणार नाही, आधीच सांगते. हात आहे देवाने दिलेला. आणि आभार वगैरे मानू नका, मला आवडत नाही."

आयव्हर घासायला लागला. आधी चाचपडत, मग जोर करून. फेस आधी पांढरा होता, मग गुलाबी झाला, मग तपकिरी. हनुवटीवरून ओघळायला लागला. त्याने इकडे तिकडे बघितलं.

नेटीने भांडं त्याच्या हनुवटीखाली धरलं आणि मान पार खिडकीकडे वळवली.

"थुंका," ती म्हणाली. "लवकर थुंका. माझा हात दुखतोय."